कडी लावलेली नाणी

हैदराबादच्या इमलीबन बस अड्ड्यावर तिकीट खिडकीच्या आत बसून दीपमाला सोनकांबळेनं अर्धं आयुष्य लोकांशी सुट्ट्या पैशांवरून भांडण्यात काढलं. नांदेडच्या गाडीला मराठीत, निजामाबादच्या गाडीला तेलुगूत आणि बाकी सगळ्यांना दखनीत 'सुट्टे काढा' म्हणायचं आणि समोरचा कितीही चढला तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही, अशी तिची ख्याती होती. काचेखालून नाणं आत सरकलं की न बघता, नुसत्या बोटांनी, ते कितीचं आहे हे तिला कळायचं. पण नाण्यांचं तिला प्रेम वगैरे काही नव्हतं. घरी आल्यावर साबणानं हात घासून ती आधी त्यांचा वास घालवायची.

नाण्यांचा नाद तिला लागला तो एका रागातून.

तिच्या सासूबाई, केसरबाई, चांगल्या पिकल्या वयात झोपेतच गेल्या. त्यांना शेवटची आंघोळ घालताना दीपमालानं त्यांच्या गळ्यातला काळा दोरा सोडवला. दोऱ्यात एकच रुपया होता, निजामाच्या काळातला, चारमिनारचं चित्र असलेला. हाली सिक्क्याचा रुपया म्हणतात तो. त्याला वरच्या अंगाला एक वेडंवाकडं भोक होतं. केसरबाईंचे वडील तातेराव तरुणपणी गाव सोडून नामपल्लीच्या स्टेशनात हमालीला आले होते. पहिल्यांदा गावी परतताना त्यांनी मजुरीतला एक रुपया दगडावर ठेवून खिळ्यानं भोसकला, दोऱ्यात ओवला आणि लेकीच्या गळ्यात बांधला. त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी चांदी मिरवलेली त्या गावाला खपत नसे. म्हणून केसरबाईंच्या आईनं तो लगेच चोळीच्या आत ढकलला. तो आतच राहिला. केसरबाई लग्न होऊन हैदराबादला आल्या, मुलगा वीज खात्यात लागला, बरकतपुऱ्यात दोन खोल्यांचं का होईना स्वतःचं घर झालं, तरी रुपया बाहेर आला नाही.

"आई, आता इथं कोणाची भीती आहे?" दीपमालानं एकदा विचारलं होतं.

"भीती न्हाई गं," केसरबाई म्हणाल्या होत्या. "सवय हाय."

काही महिन्यांनी तो रुपया घेऊन दीपमाला नारायणगुड्यातल्या एका सराफाकडे गेली. तिला तो चांगल्या साखळीत बसवून हवा होता. सराफानं तो दोन बोटांत धरला, उलटा केला आणि म्हणाला, "अम्मा, भोक पाडून खराब केलेला माल आहे. चांदीच्या भावात घेतो."

"मी विकायला आले नाही."

"मग ठेवून काय करणार? हे बघा, असले किती येतात." त्यानं काउंटरखालून एक प्लॅस्टिकचा ट्रे वर काढला. त्यात नाणीच नाणी होती. कोणाला भोक, कोणाला डागलेली कडी, कोणाला तुटक्या साखळीचा तुकडा. एका चवलीच्या कडीत लाल दोऱ्याचा धागा अजून अडकलेला होता आणि त्या धाग्याला तेलकट कुंकू.

"याचं काय करता?"

"वितळवतो. दुसरं काय?"

दीपमालाला त्या 'दुसरं काय'चा असा संताप आला की ती साखळीचं विसरूनच गेली. तो लाल धाग्याचा तुकडा असलेली चवली तिनं तिथल्या तिथं विकत घेतली. सराफ हसला. ती त्याच्याकडे परत कधी गेली नाही, आणि केसरबाईंच्या रुपयाला साखळीही कधी बसली नाही.

निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी ती जुमेरात बाजारात जायला लागली. तिथं रस्त्यावर जुनी कुलपं, घड्याळं, नळाच्या तोट्या आणि पितळी डब्यांच्या मध्ये ताडपत्री टाकून नाणी घेऊन बसणारे चार-दोन जण असतात. त्यातल्या खालिकभाईकडे तिची बैठक जमली. पहिल्या दिवशी तिनं त्याच्या ढिगातली सगळी भोकाची नाणी वेगळी काढली, तेव्हा त्याला तिची दया आली.

"अम्मा, ये नक्को लो. छेद का माल है. इसको कोई नै लेता."

"म्हणूनच मला परवडतं," दीपमाला म्हणाली. "भाव बोलो."

घरखर्चाला हात लावायचा नाही, हा तिचा नियम होता. दिवाळीची साडी तिनं बंद केली. पुढं बायकांना बस फुकट झाली तेव्हा वाचलेलं भाडंही तिनं यातच घातलं. एवढ्या पैशांत चांदीचा अखंड रुपया वर्षातून एखादाच जमायचा. पण तांब्याची शिवराई, ढब्बू पैसा, चवली, पावली, तेही भोक पाडलेलं म्हटल्यावर, हातात सहज पडायचं. हा छंद म्हणजे श्रीमंतांचा खेळ, असं जे बोलतात त्यांनी जुमेरात बाजार पाहिलेला नसतो, असं ती म्हणायची. नाणी ठेवायला तिनं जुना मिसळणाचा डबा घेतला. मोहरीच्या वाटीत तांबं, हळदीच्या वाटीत पितळ आणि मधल्या वाटीत चांदी.

आणि दुपारी जेवणं झाली की ती डबा उघडून बसायची. तिला त्यातलं सगळ्यात काय आवडायचं, तर झीज. बाजारात फिरलेलं नाणं दोन्ही बाजूंनी सारखं झिजतं. गळ्यातलं नाणं मात्र एकाच बाजूनं झिजतं, जी बाजू अंगाला लागते ती. म्हणजे कुठल्या बाईनं कुठली बाजू जगाला दाखवली आणि कुठली स्वतःला ठेवली, ते कळायचं. केसरबाईंच्या रुपयावरचा चारमिनार पुसून सपाट झाला होता. अंगठा फिरवला तरच चार मिनारांचे चार उंचवटे लागायचे. मागची अक्षरं मात्र कालच पाडल्यासारखी.

"मम्मी, मी ऑनलाइन चेक केलं," तिची लेक पल्लवी म्हणाली. ती गच्चीबावलीला कंपनीत होती आणि तिचं मराठी निम्मं इंग्रजीच्या आणि निम्मं दखनीच्या खांद्यावर चालायचं. "होल असला की कॉइन डॅमेज्ड. व्हॅल्यू झीरो. तू कायकू जमा करतीस?"

"तुझ्या आजीचा झीरो आहे का?"

"आजीचा नाही ना. आजीचा वेगळा."

"मग बाकीच्यांच्याही कोणाच्या तरी आज्याच होत्या," दीपमाला म्हणाली आणि डबा लावला.

तिच्या नवऱ्यानं, नागसेननं, कुठंतरी वाचून तिला सांगितलं की नारायणगुड्यात 'सिक्का मित्रमंडळ' नावाचं नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ आहे. ती सभासद झाली. महिन्यातून एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये बैठक असायची. अध्यक्ष होते एकनाथराव जाधव. परभणीकडचं शेतकरी घराणं, दोन पिढ्यांपासून हैदराबादला पाण्याच्या मोटारींचा व्यापार. माणूस अभ्यासू. निजामाच्या सोन्याच्या अशरफ्या त्यांच्याकडे होत्या आणि बोलायला लागले की ऐकत राहावं असं बोलायचे. 'चला, मंडळात एक मराठी ताई आली' म्हणून त्यांनी तिचं स्वागतही मनापासून केलं. ती त्यांची भाषणं पुढच्या खुर्चीवर बसून ऐकायची. आपल्या डब्याबद्दल मात्र तिनं तिथं वर्षभर अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी मंडळाच्या प्रदर्शनासाठी सभासदांकडून नावं मागवली. दीपमालानं एका काचपेटीसाठी नाव दिलं. बैठकीत तिला नाणी दाखवायला सांगितली, तेव्हा तिनं पिशवीतून मिसळणाचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.

मग एकनाथरावांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "आपला नियम आहे. घासलेली, भोक पाडलेली, कडी लावलेली नाणी आपण ठेवत नाही. नाणं टाकसाळीतून जसं निघालं तसं असावं. एकदा त्याला भोक पाडलं की ते मेलं. मग तो दागिना."

"वजन तेच आहे, चांदी तीच आहे. मेलं कसं?"

"तसं नाही हो. शास्त्र आहे हे."

"तुमच्या पेटीत तो भोकाचा पैसा आहे की. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. मागच्या वर्षी मी स्वतः पाहिलाय."

एकनाथराव हसले. "अहो, ते भोक सरकारनं पाडलेलं. टाकसाळीत. तांबं वाचवायला."

"म्हणजे सरकारनं भोक पाडलं तर नाणं जिवंत, आणि बापानं लेकीच्या गळ्यासाठी पाडलं की मेलं?"

तेवढ्यात मागच्या रांगेतले एक गृहस्थ, हळू बोलतोय असं समजून, शेजाऱ्याला म्हणाले, "असली नाणी कुणाच्या गळ्यात असायची ते माहिताय ना? पेटी उघडली की घामाचा वास यायचा." शेजारी हसला. त्याच्या पलीकडचाही हसला. एकनाथराव हसले नाहीत, पण त्यांनी त्या माणसाला गप्पही केलं नाही. ते समोरच्या कागदांची चवड सारखी करत राहिले.

तिकीट खिडकीच्या आत बसून दीपमालानं नाना तऱ्हेची बोलणी ऐकली होती, पण तिथं मध्ये काच होती. तिनं डब्याला झाकण लावलं.

"येतो वास," ती उभी राहून म्हणाली. "हमाली करून मिळवलेला रुपया आहे तो. वास यायलाच पाहिजे."

आणि ती चालती झाली.

घरी येऊन तिनं कुकर लावला, पण त्यात पाणी घालायचं राहिलं हे तिला शिट्टी न झाल्यावर कळलं. नागसेनला सगळं सांगितलं. तो भांडणाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा माणूस. त्यानं तिच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला.

"सोड ना दीपा. त्यांना कळत नाही तर नाही. आपलं आपल्या डब्यात बरं आहे."

"आपलं आपल्या चोळीत, असंच म्हणा ना."

नागसेनचा चेहरा पडला. चोळीतला रुपया त्याच्या आईचा होता. मग आत जाऊन त्यानं शिवणाच्या डब्यातली काळ्या गोफाची गुंडी आणली आणि तिच्या समोर ठेवली. काय म्हणायचं होतं ते त्यानं एवढ्यातच म्हटलं. किंवा त्याला नुसतं एवढंच वाटलं असेल की रुपयाचा दोरा जुना झालाय, बदलावा. पण दीपमालाला त्या गुंडीकडे बघता बघता दुसरंच सुचलं.

प्रदर्शनाच्या रविवारी सकाळी जमिनीवर चादर टाकून तिनं डबा रिकामा केला. पल्लवी शेजारी बसली. आधी ती "मम्मी, लोक क्या बोलेंगे" म्हणत होती. मग ती लाल धाग्याची चवली तिच्या हातात आली. धागा तसाच ठेवून ती गोफात कशी बसवायची या खटपटीत तिची कुरकुर थांबली. तांब्याच्या शिवराया खालच्या सरीत, त्यावर चवल्या आणि पावल्या, आणि सगळ्यात वर, गळ्याच्या खळीपाशी येईल असा, केसरबाईंचा रुपया. कोणतंच नाणं घासलं नाही, पुसलंसुद्धा नाही. तीन सरी झाल्या. गळ्यात घातल्यावर दीपमालाची मान पुढं ओढली गेली.

"मान मोडेल," नागसेन म्हणाला.

"मोडू द्या."

तिनं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली, पदर मुद्दाम घट्ट मागं घेतला, म्हणजे पुढं काहीच झाकलं जाणार नाही. रिक्षात बसल्यावर नाणी एकमेकांवर आपटून वाजायला लागली. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. त्या घडीला कोणी 'परत फिर' म्हटलं असतं तर आपण फिरलो असतो, असं तिनं नंतर कबूल केलं. पण शेजारी पल्लवी होती आणि ती असं काही म्हणाली नाही.

दारातल्या मुलानं तिचं सभासदाचं कार्ड बघितलं, गळ्याकडे बघितलं आणि आत सोडलं. हॉलमध्ये भिंतींना लागून काचपेट्या, प्रत्येकीवर 'हात लावू नये'. शाळेची पोरं, त्यांचे आई-बाप, काही म्हातारी मंडळी. दीपमाला हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिनं कोणाला बोलावलं नाही. पण नाणी वाजत होती, त्यामुळं माना वळल्या.

सगळ्यात आधी आली ती एक शाळकरी मुलगी. "आंटी, ये असली है?"

"असली है. हाथ लगा के देख."

मुलीनं काचेकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि मग भीत भीत एक शिवराई उचलून धरली. तिच्यामागं तिची मैत्रीण, तिच्यामागं त्यांच्या आया. एक तेलुगू बाई कडी लावलेली पावली बघून म्हणाली, आमच्या अम्मम्माकडे, म्हणजे आईच्या आईकडे, होती अशी माळ, मामानं मोडून टाकली. एका बुरखा घेतलेल्या बाईनं रुपयावरची घासलेली बाजू अंगठ्यानं चाचपली आणि विचारलं, "चारमिनार किधर गया?"

"मेरी सास के पास," दीपमाला म्हणाली.

बाईला आधी कळलं नाही. मग दीपमालानं तिला दगड, खिळा, नामपल्लीचं स्टेशन आणि चोळी, सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज तिकीट खिडकीतल्यासारखा एकाच पट्टीत होता, त्यामुळं मागच्यांनाही नीट ऐकू गेलं. बैठकीत घामाच्या वासाचं बोललेल्या त्या गृहस्थांनाही गेलं असणार. ते आपल्या पेटीपाशी एकटेच उभे होते.

एकनाथराव घाईघाईनं आले.

"दीपमालाताई, हे काय चालवलंय?"

"प्रदर्शन बघायला आले."

"तुम्हाला पेटी नाकारली होती मंडळानं."

"मग पेटी कुठं मागतेय? सभासदानं गळ्यात काय घालावं, त्याचाही नियम आहे का? असेल तर दाखवा, मी काढते."

"हा हट्ट आहे नुसता."

"आहे," ती म्हणाली.

एकनाथरावांनी भोवती बघितलं. बायका बाजूला झाल्या नव्हत्या. उलट, पल्लवी तिच्या मोडक्या मराठीत, तेलुगूत आणि इंग्रजीत कोणाला तरी कडी कशी डागतात ते सांगत होती, चुकीचंच, पण जोरात. एकनाथराव परत फिरले. दीपमाला हॉल बंद होईपर्यंत उभी राहिली. पाय भरून आले, मानेला कळ लागली, पण कोणी खुर्ची दिली तेव्हा ती बसली नाही. बसल्यावर नाणी मांडीवर पडतात आणि मागच्यांना दिसत नाहीत.

घरी आल्यावर नागसेननं तिच्या मानेला तेल चोळलं. गोफाचा काळा-निळा वळ उठला होता. दुसऱ्या दिवशी तिला मान वळवता येत नव्हती आणि ती त्याच्यावर, पल्लवीवर आणि दूधवाल्यावर सारखी चिडत होती.

आठ-पंधरा दिवसांनी एकनाथरावांचा फोन आला. आवाज नरम होता.

"ताई, त्या दिवशी बैठकीत जे बोललं गेलं ते बरोबर नव्हतं. मी तिथंच अडवायला पाहिजे होतं."

"हो, पाहिजे होतं," दीपमाला म्हणाली.

"तर कमिटीत मी विषय काढला. पुढच्या वर्षी आपण एक वेगळं टेबल ठेवू. 'महिलांचे दागिने व हस्तकला'. तिथं तुमची माळ ठेवता येईल. मानाची जागा देऊ, दारापाशीच."

दीपमालानं जरा विचार केला. टेबल मिळत होतं. पल्लवी पलीकडून हातानं 'हो म्हण, हो म्हण' करत होती.

"एकनाथराव, तुम्ही फोन केलात, बरं वाटलं. पण ती नाणी आहेत," ती म्हणाली. "नाण्यांत ठेवत असाल तर आणते. दागिन्यांत नाही."

"अहो, सुरुवात तर होऊ द्या. मला कमिटीला सांभाळायचं असतं."

"तुम्ही कमिटी सांभाळा. मी डबा सांभाळते."

पल्लवीनं कपाळावर हात मारला. पुढच्या वर्षी मंडळाचं प्रदर्शन झालं. नियम तसाच राहिला, आणि ते वेगळं टेबलही लागलं नाही. दीपमालानं वर्गणी भरून सभासदत्व मात्र चालू ठेवलं. नाव दिलं, नाकारलं गेलं, आणि ती पुन्हा माळ घालून गेली. या खेपेला तिच्याबरोबर गल्लीतल्या दोघीजणी होत्या. एकीच्या गळ्यात कडी लावलेली राणीछाप अठन्नी होती, सासरच्या ट्रंकेत सापडलेली. एकनाथरावांनी तिघींना चहा पाजला आणि विषय काढला नाही.

या सगळ्याचा एक परिणाम मात्र झाला, तिला नको असलेला. परवाच्या गुरुवारी ती जुमेरात बाजारात गेली, ताडपत्रीपाशी उकिडवी बसली आणि कडी लावलेली एक शिवराई उचलली. खालिकभाईनं जो भाव सांगितला तो ऐकून तिनं ती खाली ठेवली.

"दुप्पट? छेद का माल है ना ये? कोई नै लेता ना?"

"पहले नै लेते थे, अम्मा." खालिकभाई खुशीत होता. "अब औरताँ आके पूछ रै. गले के सिक्के हैं क्या, पूछ रै. आपीच की मेहरबानी."

"म्हणजे भाव मी वाढवला, आणि तो मीच भरू?"

"धंदा है अम्मा."

"हमारा भी उसूल है. जुना भाव देगा तो दे."

"नै होता."

त्या शिवराईच्या मागच्या अंगावर खोल, गुळगुळीत झीज होती. ती तिला अतोनात आवडली होती. दीपमाला गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कुलपांच्या, घड्याळांच्या, तोट्यांच्या ढिगांमधून चालायला लागली. खालिकभाईनं हाक मारली नाही. ती पुढच्या ताडपत्रीपाशी थांबली, वाकली आणि तिथल्या माणसाला मोठ्यानं, खालिकभाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "छेद का माल है क्या?"